हिमालयातील गोल्फ मैदाने

हिमालयातील गोल्फ मैदाने म्हणजे भारत, नेपाळ व भूतान या देशांच्या हिमालयीन प्रदेशात डोंगरउतारांवर, कुरणांत किंवा उंच खोऱ्यांत तयार करण्यात आलेली गोल्फ खेळाची मैदाने होत. यांतील बरीच मैदाने ब्रिटिश राजवटीतील थंड हवेच्या ठिकाणांजवळ किंवा लष्करी छावण्यांजवळ उभी राहिली. काही मैदाने स्वातंत्र्योत्तर काळात पर्यटनवाढीसाठी बांधण्यात आली. जम्मू आणि काश्मीरमधील गुलमर्ग, पहलगाम व श्रीनगर, हिमाचल प्रदेशातील नालदेहरा, उत्तराखंडातील राणीखेत व नैनिताल, सिक्कीममधील कुपूप, नेपाळमधील काठमांडू व पोखरा आणि भूतानमधील थिंफू येथील मैदाने विशेष प्रसिद्ध आहेत.

डोंगराळ मुलखात सपाट जागा दुर्मीळ असते. गोल्फसाठी निवडलेली जागा बहुधा आधीपासूनच कुरण, कवायतीचे मैदान, देवस्थानाचा परिसर किंवा राखीव वन म्हणून वापरात होती. त्यामुळे हिमालयातील गोल्फ मैदानांचा इतिहास हा त्या जमिनीच्या वापराचाही इतिहास आहे आणि गुराखी, भाविक, सैनिक, पर्यटक व वन्यजीव यांचे हक्क तेथे एकमेकांना भिडलेले आढळतात.

खेळाची परिभाषा

गोल्फमध्ये विशिष्ट काठीने चेंडू मारून तो कमीत कमी फटक्यांत जमिनीतील लहान खळग्यात घालावयाचा असतो. फटक्यांचा आरंभ जेथून होतो त्या जागेस ‘टी’, मधल्या कातरलेल्या हिरवळीच्या पट्ट्यास ‘फेअरवे’ आणि खळग्याभोवतीच्या अत्यंत बारीक कातरलेल्या भागास ‘ग्रीन’ म्हणतात. टीपासून ग्रीनपर्यंतच्या संपूर्ण टप्प्याला ‘होल’ अशी संज्ञा आहे. पूर्ण मैदान १८ होलांचे असते. जागेच्या अभावी अनेक पर्वतीय मैदाने ९ होलांची आहेत व तेथे तेच होल दोनदा खेळून १८ ची फेरी पूर्ण केली जाते. कुशल खेळाडूला एखादा होल पूर्ण करण्यास अपेक्षित असलेल्या फटक्यांच्या संख्येस ‘पार’ म्हणतात. १८ होलांच्या मैदानाचा पार सामान्यतः ७२ च्या आसपास असतो. खेळाडूचे साहित्य वाहून नेणाऱ्या व त्याला मैदानाची माहिती देणाऱ्या मदतनिसास ‘कॅडी’ म्हणतात.

इतिहास

भारतातील संघटित गोल्फचा आरंभ १८२९ मध्ये कोलकाता येथे स्थापन झालेल्या क्लबपासून मानला जातो. आजचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हाच तो होय. ब्रिटिश बेटांबाहेरील तो सर्वांत जुना गोल्फ क्लब समजला जातो. पर्वतीय प्रदेशात मात्र हा खेळ पुढे अनेक दशकांनी पोहोचला.

१८६४ मध्ये शिमला ही ब्रिटिश भारताची अधिकृत उन्हाळी राजधानी झाली. दरवर्षी उन्हाळ्यात सरकारी कचेऱ्या, अधिकारी व त्यांची कुटुंबे मैदानी प्रदेशातून डोंगरात जाऊ लागली. नैनिताल, मसुरी, दार्जिलिंग, राणीखेत आणि काश्मीरमधील गुलमर्ग येथेही असाच हंगामी वावर वाढला. या वस्त्यांत टेनिस, पोलो, क्रिकेट आणि घोड्यांच्या शर्यतींबरोबर गोल्फही रुजला. प्रारंभीची मैदाने अगदी साधी होती. असलेल्या कुरणात काही होल आखून घेतले जात आणि गवत कातरण्याचे बरेचसे काम चरणाऱ्या जनावरांवर सोपवले जाई.

गुलमर्ग येथे १८९०-९१ च्या सुमारास कर्नल नेव्हिल चेंबरलेन यांनी सहा होलांचे मैदान तयार केल्याचे सांगितले जाते. स्नूकर या खेळाचे जनक म्हणून ओळखले जाणारे हेच ते अधिकारी होत. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या पुढाकाराने शिमल्याजवळ नालदेहरा येथे मैदान आखण्यात आले.

स्वातंत्र्यानंतर जुन्या क्लबांचे सदस्यत्व भारतीय सनदी अधिकारी, सेनाधिकारी व व्यावसायिक यांच्याकडे आले. अनेक मैदाने भारतीय लष्कराच्या व्यवस्थापनाखाली राहिली, तर काही राज्यांच्या पर्यटन विभागांनी चालविली. देशातील गोल्फचे नियमन करण्यासाठी १९५५ मध्ये इंडियन गोल्फ युनियनची स्थापना झाली.

उंची व भूरचनेचा खेळावर परिणाम

समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होत जाते. सुमारे २,६५० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीवरील घनतेच्या साधारण ७७ टक्के असते. हवेचा विरोध कमी झाल्याने त्याच जोराने मारलेला चेंडू अधिक दूर जातो. गोल्फमधील प्रचलित आडाख्यानुसार गुलमर्गच्या उंचीवर ही वाढ सुमारे १० टक्के असते. म्हणजेच मुंबईत २०० यार्ड जाणारा फटका तेथे साधारण २२० यार्ड जातो.

विरळ हवेचा आणखी एक परिणाम असा की चेंडूच्या उलट्या फिरकीमुळे मिळणारी उचल घटते. चेंडू तुलनेने कमी उंच जातो, सपाट कोनात उतरतो आणि जमिनीवर पडल्यावर अधिक घरंगळतो. हवेतील त्याचे वळणेही कमी होते. याउलट थंड हवामानात हवा काहीशी दाट असते व थंड पडलेला चेंडू कमी उसळतो. त्यामुळे पहाटेच्या थंडीत उंचीमुळे मिळणारा लाभ अंशतः नाहीसा होतो.

उतारावर दोन्ही पाय एका पातळीत ठेवून उभे राहणे क्वचितच शक्य होते. उजव्या हाताने खेळणाऱ्या खेळाडूच्या पायांपेक्षा चेंडू वरच्या बाजूस असल्यास तो डावीकडे, खालच्या बाजूस असल्यास उजवीकडे जाण्याची प्रवृत्ती दाखवितो. टी उंचावर आणि ग्रीन दरीत असल्यास अंतर प्रत्यक्षापेक्षा कमी धरावे लागते. सभोवतालच्या उंच शिखरांमुळे डोळ्यांना क्षितिजाचा आधार मिळत नाही व सपाट वाटणारी ग्रीनही प्रत्यक्षात कललेली असू शकते. अशा ग्रीनवर चेंडू बहुधा डोंगराकडून दरीच्या दिशेने वळतो, असा खेळाडूंचा अनुभव आहे. या स्थानिक बारकाव्यांसाठी कॅडीच्या माहितीवर अवलंबून राहावे लागते.

प्रमुख मैदाने

काश्मीर

गुलमर्ग : सुमारे २,६५० मीटर उंचीवरील बशीच्या आकाराच्या कुरणात हे मैदान वसले आहे. गुलमर्ग या नावाचा अर्थ ‘फुलांचे कुरण’ असा होतो. येथे १९२२ मध्ये पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९२९ मध्ये नेडूज चषक सुरू करण्यात आला. ऑस्ट्रेलियाचे ख्यातनाम गोल्फपटू पीटर थॉमसन यांनी पुढे मैदानाची पुनर्रचना केली, तर एकविसाव्या शतकात भारतीय रचनाकार रणजित नंदा यांनी त्यास आजचे रूप दिले. १८ होल व ७२ पार असलेल्या या मैदानाची लांबी ७,५०० यार्डांच्या घरात असून ते भारतातील सर्वांत लांब मैदानांपैकी एक आहे. विरळ हवेत चेंडू दूर जात असल्याने एवढी लांबी येथे प्रत्यक्ष खेळताना काहीशी कमी भासते. हिवाळ्यात संपूर्ण कुरण बर्फाखाली जाते आणि गुलमर्ग स्कीइंगचे केंद्र बनते.

पहलगाम : लिद्दर नदीच्या खोऱ्यातील या १८ होलांच्या मैदानाची रचनाही रणजित नंदा यांची आहे. भोवती फर व देवदाराची वने असून मैदानावरून हिमाच्छादित शिखरे दिसतात.

रॉयल स्प्रिंग्स, श्रीनगर : झबरवान डोंगररांगेच्या पायथ्याशी, दल सरोवराजवळ असलेल्या या मैदानाची रचना अमेरिकन रचनाकार रॉबर्ट ट्रेंट जोन्स (कनिष्ठ) यांनी केली. १८ होल व ७२ पार असलेले हे मैदान २००१ मध्ये सुरू झाले. ज्या जागेवर ते उभे राहिले, तेथे पूर्वी राष्ट्रीय उद्यान होते (पाहा : पर्यावरण व जमिनीचा वापर).

हिमाचल प्रदेश

नालदेहरा : शिमल्यापासून सुमारे २२ किलोमीटरवर, २,००० मीटरहून अधिक उंचीवर देवदारांच्या दाट वनात हे मैदान आहे. १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय असलेले लॉर्ड कर्झन या परिसराच्या सौंदर्याने इतके भारावले, की १९०४ मध्ये जन्मलेल्या आपल्या धाकट्या कन्येचे नाव त्यांनी अलेक्झांड्रा नालदेरा असे ठेवले. मैदानाचा पार ६८ आहे. होल आखूड असले तरी चढउतार तीव्र व फेअरवे अरुंद असल्याने, आणि उंच देवदार चेंडूच्या मार्गात येत असल्याने, येथे ताकदीपेक्षा अचूकतेला अधिक महत्त्व आहे.

मैदानाच्या मध्यभागी माहूनाग देवतेचे प्राचीन मंदिर आहे. नालदेहरा हे नाव नाग व देहरा (देवालय) या शब्दांवरून आल्याचे सांगितले जाते. खेळ सुरू असतानाही भाविकांचे मंदिरात येणे-जाणे चालू असते.

उत्तराखंड

राणीखेत : कालिका येथील हे ९ होलांचे मैदान सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. ते लष्कराच्या व्यवस्थापनाखाली असून राणीखेत हे कुमाऊँ रेजिमेंटच्या प्रशिक्षण केंद्राचे ठिकाण आहे. चीड व देवदारांनी वेढलेल्या या मैदानाच्या परिसरातून हवा स्वच्छ असताना नंदादेवी व त्रिशूल या शिखरांचे दर्शन होते.

नैनिताल : येथील मैदान राज्यपालांच्या उन्हाळी निवासस्थानाच्या आवारात आहे. गॉथिक शैलीतील या राजभवनाचे बांधकाम १८९७ ते १९०० या काळात झाले. मुंबईतील व्हिक्टोरिया टर्मिनस (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) या इमारतीचे वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्याकडे या राजभवनाच्या आराखड्याचेही श्रेय जाते. ब्रिटिश काळात आखलेले १८ होलांचे हे मैदान लांबीने लहान असून त्याचे होल तीव्र उतारांवर, ओक व देवदार वृक्षांमधून गेलेले आहेत.

सिक्कीम

कुपूप : पूर्व सिक्कीममध्ये भारत-चीन सीमेजवळ भारतीय लष्कराने तयार केलेले ‘याक गोल्फ कोर्स’ सुमारे १३,०२५ फूट (३,९७० मीटर) उंचीवर आहे. जगातील सर्वांत उंच गोल्फ मैदान म्हणून त्याची गणना होते. पेरूमधील मोरोकोचा येथील तुक्तू हे मैदान यापेक्षाही उंच, ४,३०० मीटरहून अधिक उंचीवर होते, परंतु ते वापरातून गेले. बोलिव्हियातील ला पाझ येथील प्रसिद्ध मैदान सुमारे ३,३०० मीटर उंचीवर आहे. कुपूप येथे झाडे उगवत नाहीत. हिवाळा दीर्घ असतो आणि श्वासाचा त्रास टाळण्यासाठी विरळ हवेची सवय होणे आवश्यक ठरते.

नेपाळ

काठमांडू येथील रॉयल नेपाळ गोल्फ क्लबचे मैदान त्रिभुवन आंतरराष्ट्रीय विमानतळ व पशुपतिनाथ मंदिराच्या परिसराला लागून आहे. मंदिर परिसरातील माकडांचा मैदानावर मुक्त वावर असतो. काठमांडूच्या सीमेवरील गोकर्ण येथील १८ होलांचे मैदान पूर्वीच्या राजघराण्याच्या शिकारीसाठी राखलेल्या वनात आहे आणि तेथे हरणे दिसतात. पोखरा येथील ‘हिमालयन गोल्फ कोर्स’ ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेल्या एका गुरखा अधिकाऱ्याने नदीने कोरलेल्या घळीत तयार केले. नदीचे प्रवाह व खडकांचे कडे हेच तेथील नैसर्गिक अडथळे होत. अन्नपूर्णा पर्वतरांगेचे सान्निध्य असले तरी पोखरा स्वतः सुमारे ८२० मीटर उंचीवरच आहे.

भूतान

थिंफू येथील रॉयल थिंफू गोल्फ क्लबचे ९ होलांचे मैदान ताशिछो द्झोंग या राजकीय व धार्मिक केंद्राच्या लगत, सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांच्या कारकिर्दीत भूतानमध्ये या खेळाचा प्रसार सुरू झाला आणि त्यात भारतीय सेनाधिकाऱ्यांचा वाटा होता.

हंगाम व देखभाल

पश्चिम हिमालयातील उंच मैदानांवर साधारणपणे एप्रिल-मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात खेळ चालतो. गुलमर्गसारख्या ठिकाणी हा काळ आणखी आखूड असतो. काश्मीर खोऱ्यात मोसमी पावसाचा जोर कमी असल्याने उन्हाळ्यातील खेळात फारसा खंड पडत नाही. शिमला, कुमाऊँ, सिक्कीम व नेपाळ येथे मात्र जुलै ते सप्टेंबरमधील पावसाने मैदाने अनेकदा बंद ठेवावी लागतात. पावसाळ्यानंतरचे ऑक्टोबर व नोव्हेंबर हे महिने तेथे सर्वोत्तम मानले जातात.

गवताच्या बाबतीतही पर्वतीय मैदाने वेगळी ठरतात. मैदानी प्रदेशातील बहुतेक मैदानांवर बर्मुडा गवताच्या जाती वापरतात. महाराष्ट्रात दूर्वा किंवा हरळी म्हणून ओळखले जाणारे गवत याच प्रजातीचे आहे. उष्णतेत जोमाने वाढणारे हे गवत थंडीत पिवळे पडून सुप्तावस्थेत जाते. म्हणून उंच प्रदेशात बेंट, राय व फेस्क्यू यांसारख्या शीत हवामानातील गवतांचा उपयोग करतात. अनेक आठवडे बर्फाखाली राहिलेल्या ग्रीनवर बुरशीची लागण होण्याचा धोका असतो. वसंतात बर्फ वितळल्यावर पाण्याचा निचरा करणे, पावसाने वाहून गेलेली माती परत भरणे व उतार धरून ठेवणे ही तेथील नित्याची कामे आहेत.

पर्यावरण व जमिनीचा वापर

पर्वतीय भागात गोल्फ मैदानासाठी जमीन देण्याचा प्रश्न अनेकदा वादाचा ठरला आहे. श्रीनगरमधील रॉयल स्प्रिंग्स हे त्याचे सर्वाधिक परिचित उदाहरण आहे. तेथील ‘सिटी फॉरेस्ट’ या सुमारे ९ चौरस किलोमीटर वनक्षेत्राला १९८६ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्यात आला होता आणि त्यास पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचे नाव देण्यात आले होते. मुंबईत जन्मलेले व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी आयुष्यभर निगडित असलेले सलीम अली (१८९६-१९८७) यांनी भारतीय पक्ष्यांच्या अभ्यासाचा पाया घातला. १९९८ ते २००१ या काळात, फारूक अब्दुल्ला मुख्यमंत्री असताना, या उद्यानाच्या जागी गोल्फ मैदान उभारण्यात आले. बिबळ्या, काळे अस्वल व अनेक प्रकारचे पक्षी यांचा हा अधिवास होता.

समर्थकांच्या मते उच्च उत्पन्न गटातील पर्यटक आकर्षित झाल्यास, १९८९-९० नंतरच्या हिंसाचाराने खचलेल्या खोऱ्याच्या अर्थव्यवस्थेला आधार मिळतो व मैदानाची हिरवी जागा इमारतींच्या अतिक्रमणापासून वाचते. टीकाकारांच्या मते कातरलेली हिरवळ ही वनाची जागा घेऊ शकत नाही. एकाच जातीचे गवत जोपासताना लागणारी खते व कीटकनाशके उतारावरून खालच्या सरोवरांत उतरतात आणि मूठभरांच्या खेळासाठी सार्वजनिक वनाचा बळी जातो.

गुलमर्ग व पहलगाम परिसरातील कुरणे ही गुज्जर व बकरवाल या पशुपालक समाजांच्या उन्हाळी स्थलांतराच्या मार्गांशी जोडलेली आहेत. या कुरणांवर चराई, घोडेस्वारी, हॉटेले आणि गोल्फ अशा अनेक उपयोगांचा ताण पडतो. पाण्याचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. लिद्दर नदीला पाणी पुरविणारी कोलाहोई हिमनदी गेल्या काही दशकांत आक्रसत चालली असून हिवाळी हिमवृष्टीही अनियमित झाली आहे. बर्फ कमी पडल्यास स्कीइंगचा हंगाम बुडतो आणि पुढील उन्हाळ्यात ओढ्यांचे पाणीही घटते. त्यामुळे एकाच कुरणावरील दोन्ही हंगामांच्या पर्यटनाचे भवितव्य हिमवृष्टीशी बांधलेले आहे.

सामाजिक बाजू

हिमालयातील गोल्फ मैदानांवर अनेक स्थानिक रहिवाशांचा संबंध खेळाडू म्हणून नव्हे, तर कॅडी, माळी, मजूर किंवा पहारेकरी म्हणून येतो. त्यांचे उत्पन्न हंगामी असते व पर्यटकांच्या संख्येवर अवलंबून राहते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळील बैसरण कुरणात झालेल्या दहशतवादी हल्ल्यात २६ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर काश्मीरमधील अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद ठेवण्यात आली. अशा प्रसंगी सर्वप्रथम रोजगार गमावणाऱ्यांत घोडेवाले, वाटाडे व कॅडी यांचा समावेश असतो.

गोल्फचे साहित्य महाग असते आणि क्लबांचे सदस्यत्वही मर्यादित असते. त्यामुळे मैदानाच्या कुंपणालगत राहणाऱ्यांनाही खेळाची संधी सहसा मिळत नाही. याला लक्षणीय अपवाद म्हणजे नेपाळची प्रतिमा शेर्पा. तिचे आईवडील रॉयल नेपाळ गोल्फ क्लबमध्ये काम करीत आणि हे कुटुंब मैदानावरील अवजारांच्या कोठारात राहत असे. तेथेच वाढलेल्या प्रतिमाने बालपणीच खेळ शिकून राष्ट्रीय पातळीवर नाव मिळविले. तिच्या जीवनावर २०१८ मध्ये ‘अ माउंटन टू क्लाइम्ब’ हा माहितीपट प्रदर्शित झाला. त्यामुळे नेपाळमधील महिला गोल्फकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

पर्यटन

पर्यटकांसाठी गुलमर्ग, पहलगाम व नालदेहरा येथील मैदाने पर्यटन व्यवस्थेचा भाग असल्याने तेथे शुल्क भरून खेळता येते आणि साहित्य भाड्याने मिळू शकते. राजभवन व लष्करी मैदानांवर प्रवेशासाठी पूर्वपरवानगी लागते, तर कुपूप सीमावर्ती भागात असल्याने तेथे जाण्यासाठी विशेष परवाना आवश्यक असतो. २,५०० मीटरहून अधिक उंचीवर खेळण्यापूर्वी एक-दोन दिवस विश्रांती घेणे, पुरेसे पाणी पिणे व तीव्र उन्हापासून त्वचेचे रक्षण करणे हितावह मानले जाते. दुपारनंतर वीजवादळे होण्याची शक्यता असल्याने फेरी सकाळी सुरू करण्याचा प्रघात आहे. विजा चमकू लागताच खेळ थांबवून, एकाकी उंच झाडांखाली आश्रय न घेता, पक्क्या इमारतीत जावे लागते.